वासली

गुरव गुरुजींचं अक्षर इतकं गचाळ होतं, की तो शब्द मी आधी 'वासरी' असा वाचला. कुठल्यातरी वासराबद्दल असेल, असं म्हणून कार्ड बाजूला ठेवणार होते, तेवढ्यात खालच्या वाक्याकडे लक्ष गेलं. 'वासलीत ये गं, पाय भाजतील.'

मी कार्ड टेबलावर पालथं घातलं. उठून खिडकी लावली, परत उघडली. मग खाली बसून पुन्हा वाचलं. शब्द: वासली. अर्थ: सावली. गाव: खरसुळवाडी. सांगणारी व्यक्ती: सौ. शालन, वय बावीस.

"काय झालं सदावर्तेबाई?" निगुडकर सरांनी चष्म्यावरून बघत विचारलं. "गुरुजींनी पुन्हा शिव्या पाठवल्या का?"

"नाही सर. दुसरं कार्ड आलं."

"कशाचं?"

"वासलीचं," मी म्हटलं.

साल त्र्याऐंशी, मे महिना. पुण्यात एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर आमची बोलीकोशाची कचेरी होती. दोन खोल्या, कार्डांच्या खणांची चौदा कपाटं, सर आणि मी. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची आणि फळ्यांच्या फटींतून पीठ वर यायचं. संध्याकाळपर्यंत 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी मराठी भाषा पांढरी व्हायची, आणि सकाळी मी ती फडक्यानं पुसायची. गावोगावचे मास्तर, पोस्टमन, वैद्य कानावर पडलेले शब्द कार्डांवर लिहून आम्हाला पाठवायचे. सर ते तपासायचे, मी लावायची.

सरांचा एक नियम होता. "एक कार्ड म्हणजे अफवा, दोन कार्डं म्हणजे शब्द." दोन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय शब्द कोशात जायचा नाही. एकेकटी कार्डं एका वेगळ्या खणात पडून राहायची. त्या खणाला मी 'बालिकाश्रम' म्हणायची. सरांना तो विनोद वाटायचा.

त्या खणात नऊ वर्षांपूर्वीचं एक कार्ड होतं. मला नोकरीला लागून दोनच महिने झाले होते, तेव्हाचं. मी सहज विचारावं तसं विचारलं होतं, "सर, 'वासली' असा शब्द कुठे बोलतात?"

"अर्थ?"

"सावली."

"वा! वर्णविपर्यय." सर खूश झाले. "अक्षरांनी आपापसात जागा बदलायची. निम्मा महाराष्ट्र चिकटतो आणि निम्मा चिटकतो. पिशवीची पिवशी होते, नुकसानाचं नुस्कान होतं. तशी सावलीची वासली. म्हणत असणार कुठल्यातरी गावात. तुम्ही कुठे ऐकलात?"

"मिरज स्टेशनावर. लहानपणी."

"कोण बोललं?"

"एक बाई."

"कुठली?"

"माहीत नाही."

सरांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं. वाक्य: 'वासलीत चाल.' गाव: आणि पुढे प्रश्नचिन्ह. सांगणारी व्यक्ती: अज्ञात स्त्री.

पुढचं मी त्यांना सांगितलं नाही. ती बाई मला घेऊन मिरजेला आली होती आणि माझ्याशिवाय गेली होती.

मी वाढले त्या खऱ्या बालिकाश्रमाच्या वहीत माझी नोंद आहे. 'मुलगी, वय अंदाजे साडेतीन. अंगात हिरवा परकर, पायांत काही नाही. प्लॅटफॉर्मवर एकटी सापडली. नाव सांगत नाही. गाव विचारले असता "वासली" म्हणते.' आश्रमाच्या ताईंनी पोस्टाच्या यादीत वासली नावाचं गाव शोधलं. मिळालं नाही. मिळतंजुळतं एक मिळालं, तिथे पत्र टाकलं, तर उत्तर आलं, 'आमच्या गावची एकही मुलगी हरवलेली नाही, सगळ्या जागच्या जागी आहेत.' मिरज पडलं जंक्शन. गाड्या चारी बाजूंनी येतात, शोधायचं कुणीकडे? मग ताईंनी माझं नाव शरयू ठेवलं आणि आश्रम काढणाऱ्या गृहस्थांचं आडनाव मला लावलं. ते सगळ्याच मुलींना लावायचे. शाळेत एका वर्गात आम्ही सात सदावर्ते होतो. मास्तरांनी "सदावर्ते, उभी राहा" म्हटलं की बाकंच्या बाकं उठायची.

मला स्वतःला आठवतं ते अगदी थोडं. तापलेली वाट. पुढे लुगड्याचा काठ, तो कधी हिरवा असतो, कधी निळा. तिच्या डोक्यावर बोचकं असावं, कारण जमिनीवरच्या सावलीला डोक्याच्या जागी मोठा गोळा होता. मी त्या सावलीत पाय टाकत चालले आहे आणि पुढून आवाज येतो, "वासलीत चाल. वासलीत चाल गं." चेहरा नाही. चेहरा कितीही आठवला तरी येत नाही, कारण मी सारा वेळ खाली बघत होते.

आश्रमातल्या मोठ्या मुली सांगायच्या, हरवलेल्या पोरीला शोधत कुणीतरी येतं, टाकलेल्या पोरीला शोधत कुणी येत नाही. मला शोधत कुणी आलं नव्हतं, तेव्हा काय ते उघड होतं. मी तिला 'ती बाई' म्हणायची, मनातसुद्धा. कचेरीत 'आई' या शब्दाची दीडशे कार्डं माझ्या हातांनी लावली होती. आय, आये, माय, बया, अव्वा. पण हाक म्हणून तो शब्द माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेला नव्हता.

पण 'वासली' माझ्याकडे होता. जिथले लोक सावलीला वासली म्हणतात ते माझं गाव, एवढं सोपं गणित उराशी धरून मी तेहेतीस वर्षांची झाले होते. त्याच्यासाठीच मराठी घेऊन शिकले आणि त्याच्यासाठीच पिठातली ही नोकरी धरली. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात माझी एक खोली होती. रविवारी खोलीत कुणाशी बोलायचा प्रसंगच येत नसे. सोमवारी सकाळी कंडक्टरकडे तिकीट मागताना घसा खाकरावा लागायचा. रविवारभर न वापरलेला आवाज असा गंजलेला निघतो, हे एकट्या माणसांनाच ठाऊक असतं.

सरांनी दोन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली. "आता हा शब्द झाला म्हणायचा. पण गुरुजींची खात्री नाही देता येत. मागे त्यांनी कुत्र्याचं नाव शब्द म्हणून पाठवलं होतं. जाऊन ऐकायला हवं."

"मी येते," मी म्हटलं.

"तुम्ही? नऊ वर्षांत कधी दौऱ्याला आला नाहीत. आणि आटपाडीच्या पुढचा मे महिना म्हणजे काय, कल्पना आहे का?"

"पाय भाजतात, असं कार्डावर लिहिलंय," मी म्हटलं.

शुक्रवारी निघालो. एस.टी.त सर उत्साहात होते. उच्चारांबद्दल बोलायला लागले की त्यांना ऊनवारा कळत नसे. "चोच म्हणून बघा बरं. दोन्ही वेळा जीभ कुठे लागली? दातांच्या मागे. आता चोची म्हणा. दुसरा च वर टाळूकडे गेला की नाही? म्हणजे पक्षी एक असेपर्यंत दात, दुसरा आला की टाळू!" पुढच्या बाकावरचा एक जण खरंच 'चोच, चोची' पुटपुटून बघायला लागला. मीही हसले. मग सरांनी एकदम विचारलं, "तुम्हाला या शब्दाचं एवढं काय?"

"काही नाही सर. माझं पहिलं कार्ड होतं ते."

सर चांगले होते. त्यांना कळत होतं की मी काहीतरी लपवते आहे, आणि मला कळत होतं की त्यांना ते कळतं आहे.

मुक्काम आटपाडीला झाला. शनिवारी दुपारच्या गाडीनं गुरव गुरुजींना बरोबर घेऊन खरसुळवाडीला उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. गुरुजी उंच, किडकिडीत, डोक्याला टॉवेल. परतीची गाडी पाचला होती, म्हणून ते झपाझप चालत होते. मी मात्र मागे रेंगाळत होते. दिसेल त्या बाईचं नाक बघत होते, कपाळ बघत होते. रांजणाजवळ हात धूत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईचे कान माझ्यासारखे वाटले. कान! कानांवरून माणसं ओळखायची वेळ आली होती माझ्यावर.

निंबाखाली बाजेवर एक आजोबा पडले होते. "कुठलं पावनं?" त्यांनी विचारलं. "उनाचं कुटं निगालायसा? सावलीला बसा की वाईच."

स्वच्छ 'सावली' म्हणाले. मग मी मनातल्या मनात त्यांना माफ केलं. शाळा शिकलेले असतील, नाहीतर पाहुण्यांसमोर शुद्ध बोलत असतील. माणसाला आशा सोडायची नसली की कारणं आपोआप सुचतात.

शालनचं घर गावाच्या टोकाला होतं. दारात तिची सासू तानूबाई शेंगा फोडत बसली होती. गुरुजींनी आमची ओळख करून दिली. "ह्या पुण्याच्या मॅडम, आणि हे सर. शब्दांचं पुस्तक करतात. तुमच्या सुनबाईंचा एक शब्द ऐकायला आलेत."

"कसला सबुद?" तानूबाईचा हात थांबला. "शिवी दिली काय कुनाला हिनं?"

"वासली," मी म्हटलं.

तीस वर्षांत तो शब्द मी असा कुणाच्या दारात उभी राहून उच्चारला नव्हता. आता ही म्हातारी म्हणेल, 'मग? वासलीला वासली न्हाई तर काय म्हनायचं?' आणि मी तिथेच बसून घेईन, असं मी ठरवलेलं होतं.

तानूबाईनं माझ्याकडे बघितलं, मग आत बघितलं आणि हसत सुटली. तिला हसू आवरेना. "अगं ए शाले! भाईर ये. तुजी वासली पुन्याला जाऊन पोचली की गं!"

शालन बाहेर आली. तरतरीत, सावळी मुलगी, पदर दातांत धरलेला. तिच्यामागे लुगडं धरून दोन-अडीच वर्षांची पोर, पायांत काही नाही.

सरांनी पेन काढलं. "घाबरू नका. हा शब्द तुमच्या माहेरी बोलतात का?"

"न्हाई वं."

"मग इथला आहे?"

"हितं बी कोन न्हाई म्हनत. सावलीच म्हनत्यात समदी."

"मग तुम्ही कुठे शिकलात?"

शालननं मान खाली घातली आणि मागच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या रंजीकडनं."

सरांचं पेन तसंच हवेत राहिलं. मग तीच पुढे म्हणाली, "तिला सावली म्हनाय येत न्हाई. वासली म्हनती. मंग मी बी तिच्यासंगं तसंच म्हनाय लागले. गुरुजी वाटंनं चाललं हुतं, त्यास्नी ऐकू गेलं. अर्थ इचारला, त्यो सांगितला. मला काय म्हाईत पुस्तकात घालत्यात!"

"पोरगी बोलाय शिकायची ऱ्हायली बाजूला," तानूबाई म्हणाली, "आईच बोबडं शिकली. पोरगी चाकूला काचू म्हनती. तर ही परवा दुकानात गेली, आन मोठ्यांदा म्हनली, काचू द्या एक! दुकानदार कपाळाला हात लावून बसला."

सर मनापासून हसले. गुरुजी ओशाळले आणि टॉवेलानं मान पुसायला लागले. "माझं चुकलं सर. खोलात विचारायला हवं होतं."

"असू द्या हो. कुत्र्यापेक्षा हे बरं," सर म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं. "बालभाषा. सगळीच मुलं अक्षरं अशी उलटीपालटी करतात. याला गाव नसतं."

याला गाव नसतं. सरांनी ते सहज म्हटलं, आणि चारचौघांत कुणी माझ्या पायाखालचा पाट काढून घ्यावा तसं मला झालं. वासली कुणी म्हणत नव्हतं. कुठेच म्हणत नव्हतं. जे गाव मी नकाशाभर शोधत होते ते मी स्वतःच साडेतीन वर्षांची असताना बोबड्या तोंडानं केलेलं होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, तोही कुणावर ते कळत नव्हतं. "जरा बाहेर उभी राहते," असं काहीतरी म्हणून मी अंगणाच्या पलीकडे गेले.

थोड्या वेळानं शालन तांब्या घेऊन मागे आली. रंजी दारातच बसून फुटक्या बशीत माती कालवत होती.

"पानी घ्या. माजं काय चुकलं का वं बाई?"

"नाही गं. तुझं काय चुकायचंय?" मी पाणी प्यायले. मग अगदी वाकडेपणानं विचारलं, "तिला सुधारत का नाहीस तू? सावली म्हण, असं सांगत का नाहीस? मोठी झाल्यावर लोक हसतील तिला."

"सुदरंल की आपसूक. शाळंत गेली की मास्तर हाईत, गाव हाय. समदी मिळून सुदरवत्यात." ती हसली. "माज्यापाशी हाय तवर हाय. आन खरं सांगू का? मला तिच्या सबदाची गरज लागती."

"ती कशी?"

"रानात जाताना डोक्यावर वजं असतंय. मंग हिला कडंवर घ्यायाला येत न्हाई. पायांत काय न्हाई, वाट तापल्याली. बसून ऱ्हाती, रडती. मंग म्हनायचं, माज्या वासलीत चाल, पाय पोळनार न्हाईत." तिनं इकडेतिकडे बघितलं आणि गुपित सांगावं तसं म्हणाली, "सावलीनं काय भुई गार हुतीया व्हय? मान्साची सावली ती केवढी! भुई पोळायची तशी पोळती. पर तिला वाटतंय खरंच. खाली बघत गप चालती."

"आणि सावलीत चाल म्हटलं तर?"

"तर न्हाई चालत. काय केल्या न्हाई. जाग्यावरनं हालत न्हाई. तिचाच सबुद लागतो. तिच्या तोंडचं बोललं की तिला इस्वास बसतो."

ती सांगत होती आणि मला ती वाट दिसत होती. काठ दिसत होता. सावलीच्या डोक्यावरचा गोळा दिसत होता. त्या बाईच्या डोक्यावर बोचकं होतं, म्हणून तिनं मला कडेवर घेतलं नव्हतं. भुई पोळतच होती, ते मला आठवत नव्हतं. आणि शब्द तिचा नव्हता. माझा होता. मी चुकीचं बोलले होते, आणि तिनं ते दुरुस्त न करता उचलून आपल्या तोंडात घेतलं होतं. पुऱ्या वाटेवर, भर उन्हात, डोक्यावर ओझं घेऊन ती माझ्यासारखं बोबडं बोलत चालली होती, मी चालावं म्हणून.

तीस वर्षं मी तिची भाषा शोधत होते. ती तर माझी भाषा बोलत होती.

"बाई, रडताय का वं?" शालन घाबरली.

"ऊन लागलं डोळ्याला."

"थांबा, गूळ आनते. नुसतं पानी पिऊ ने." ती घरात गेली.

मी तिथेच उभी होते. चार वाजून गेले असतील, माझी सावली अंगणात बऱ्यापैकी लांब पडली होती. रंजीनं दारातून पाहिलं. आई कुठे गेली ते तिला कळलं नव्हतं. ती बशी टाकून उठली, आणि तापलेल्या अंगणातून एक पाय उचल, दुसरा उचल, करत धावत आली. माझ्यापर्यंत आली नाही. माझ्या सावलीपर्यंत आली. तिच्यात नीट मधोमध उभी राहिली आणि पायांकडे बघत म्हणाली, "वासली."

"हो," मी म्हटलं. "वासली."

मग मी हलले नाही. हलले असते तर सावली सरकली असती. ऊन सरळ पाठीवर येत होतं, मान भाजत होती, घाम कानांमागून उतरत होता, आणि माझ्या पायांत चांगल्या चामड्याच्या चपला असूनही जमीन खालून लागत होती. रंजी खाली बसली. सावलीच्या कडेकडेनं बोटानं रेघ ओढायला लागली. एकदाही तिनं वर बघितलं नाही. मोठेपणी तिला मी आठवणार नाही, चेहरा तर नाहीच नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. एरवी वाटलं असतं.

"सदावर्तेबाई!" सरांनी दारातून हाक मारली. "गाडीची वेळ झाली. अहो, उन्हात काय उभ्या राहिलात?"

"दोन मिनिटं सर. हिची आई येऊ द्या."

शालन गूळ घेऊन आली, पोरीला उचलून कडेवर घेतलं, आणि माझ्या हातावर खडा ठेवला. रंजी आईच्या खांद्यावरून माझ्या सावलीकडेच बघत होती. मी निघाले तेव्हा सावलीही पाठोपाठ निघाली, याचं रंजीला आश्चर्य वाटलं असावं.

परतीच्या गाडीत आटपाडीच्या अलीकडे एकदा सरांनी पाण्याची बाटली पुढे केली, एवढंच. मिरजेला काय घडलं होतं ते मला त्या दिवशीही कळलं नाही, आज त्र्याहत्तराव्या वर्षीही माहीत नाही. गर्दीत हात सुटला असेल. सोडला असेल. ती चुकीच्या गाडीत चढली असेल आणि पुढच्या स्टेशनावर उतरून रडली असेल. तिच्यावर काय प्रसंग होता, कोण जाणे. पण आश्रमातल्या मुलींना जे उघड वाटायचं ते मला त्यानंतर कधी उघड वाटलं नाही.

सोमवारी कचेरीत आले तर सर माझ्याआधी आलेले होते. गिरणी अजून सुरू झाली नव्हती. त्यांच्यासमोर दोन्ही कार्डं होती. गुरुजींच्या कार्डावर त्यांनी तिरपी रेघ मारून 'बालभाषा, रद्द' असं लिहिलेलं होतं. दुसरं हातात होतं.

"हे पुन्हा एकटं पडलं," ते म्हणाले. "काय करू? परत त्या खणात टाकू?"

"सर, त्यात एक दुरुस्ती आहे."

त्यांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. पेनही दिलं. मी 'सांगणारी व्यक्ती' या रकान्यातलं 'अज्ञात स्त्री' खोडलं. खोडताना सरांच्या सुरेख अक्षरावर वेडीवाकडी रेघ ओढली गेली. तिच्यावर जी थोडी जागा होती तिथे मी लिहिलं: आई.

सरांनी कार्ड उचललं. खूप वेळ वाचत होते. एका शब्दाला एवढा वेळ लागत नाही. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मिरज स्टेशन," ते हळू म्हणाले.

"हो सर."

त्यांनी पेन उचललं, आणि हातातच धरून ठेवलं. "पण बाई, नियम तुम्हाला ठाऊक आहे. सांगणाऱ्या दोन लागतात. एक या. दुसरी कोण?"

"मी," मी म्हटलं.

सरांनी माझं नाव खाली लिहिलं. सदावर्ते लिहिलं नाही, नुसतं शरयू लिहिलं. मग उठून कार्ड स्वतः 'व'च्या कपाटात, 'वासरू' आणि 'वासा' यांच्या मधोमध लावलं. गावाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह तसंच होतं. ते खोडायचं का, असं त्यांनीही विचारलं नाही आणि मीही म्हटलं नाही.